पुस्तकाची जागा
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आपण पूर्णेची माणसे. गाडी नांदेडकडे जाणार, परभणीकडे की हिंगोलीवरून अकोल्याकडे, हे समजल्याशिवाय आपण डब्यात पाय ठेवीत नाही. ग्रंथालयातील वर्गीकरण म्हणजे पुस्तकाला अशीच पाटी लावणे होय. चुकीच्या गाडीत बसलेला माणूस पुढच्या स्टेशनावर उतरून परत येतो. चुकीच्या कपाटात गेलेले पुस्तक मात्र परत येत नाही. दाखल नोंदवहीत ते असते, पण वाचकाला सापडत नाही.

ग्रंथपालनाच्या उमेदवाराला प्रथम शिकावी लागते ती बहुधा मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धती. ती १८७६ साली प्रसिद्ध झाली. ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग, प्रत्येकाचे दहा भाग आणि त्यांचेही पुन्हा दहा, अशी तिची रचना आहे. ५०० म्हणजे विज्ञान, त्यात ५१० गणित. ऐकायला हे सोपे वाटते. अडचण येते ती पुस्तक हातात घेतल्यावर.

उमेदवारीच्या दिवसांत माझ्या हाती शेख महंमद यांचा 'योगसंग्राम' आला. लेखकाचे नाव पाहून मी बेधडक २९७, म्हणजे इस्लामचा वर्गांक लिहिला. ग्रंथपाल साहेब रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "नाव वाचलेस, आता पुस्तक उघड." उघडून पाहतो तो सगळ्या मराठी ओव्या! श्रीगोंद्याच्या या सतराव्या शतकातील संतकवीला मी न वाचताच भलत्या कपाटात कोंडले होते. त्या ग्रंथाला मी मग ८९१.४६१, म्हणजे मराठी काव्याचा अंक दिला.

त्या दिवशी नियम मनात ठसला. मुखपृष्ठावर विसंबू नये. अनुक्रमणिका व प्रस्तावना वाचावी, विषय ठरवावा, सूचीत अंक शोधावा आणि मूळ कोष्टकात तो पडताळून मगच लिहावा. साहित्याच्या पुस्तकाला आधी भाषा पाहावी, मग काव्य, नाटक की कादंबरी ते पाहावे.

कोष्टक चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. मराठी ८९१.४६ आणि उर्दू ८९१.४३९, दोघी ८९१.४ या एकाच घरच्या! उलट धर्माच्या वर्गात ख्रिस्ती धर्माला २२० ते २८० अशी ऐसपैस जागा आणि इस्लामला एकच २९७. म्हणजे कोष्टकेही माणसांनीच, आपापल्या जागी बसून केलेली असतात. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांनी १९३३ साली स्वतःची द्विबिंदू पद्धती प्रसिद्ध केली. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो.

पालकहो, शेवटी एकच विनंती. आपल्या घरी "मराठी आपले काम नाही" किंवा "मुलीला एवढे शिकून काय करायचे" असे शब्द सहज निघतात. ही पुस्तक न उघडता अंक लिहिण्याचीच चूक आहे. आणि मुलांनो, उर्दूच्या कपाटाशी थांबू नका, मराठीचेही उघडा. शेख महंमद तेथे तुमची वाट पाहत आहेत.