पाळण्यातले गिऱ्हाईक



कापडाचा व्यवसाय या सभागृहातील कित्येक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तरीही त्यात एक दालन असे आहे की, ज्यात हात घालताना जुनेजाणते व्यापारीही कचरतात. ते दालन लहान मुलांच्या तयार कपड्यांचे. प्रौढ माणसाचे माप वर्षानुवर्षे तेच राहते. तान्ह्या बाळाचे तीन महिन्यांत बदलते. जन्मापासून दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत सहा मापे होतात. एकच अंगरखा चार रंगांत ठेवायचा म्हटला, तरी चोवीस नग कपाटात अडकले! चालणारी मापे आधी संपतात आणि उरलेल्यांवर धूळ बसते. शिवाय कपडा घालणाऱ्याला बोलता येत नाही, पैसे देणारा तो घालत नाही आणि पसंती बहुधा तिसऱ्याच व्यक्तीची, म्हणजे आजीची किंवा आत्याची, असते.

हा अवघड व्यवहार पुण्यातील ‘फर्स्टक्राय’ या कंपनीने कसा वाढविला, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

तिचे संस्थापक सुपम महेश्वरी आणि अमिताव साहा यांचा कापडाशी पूर्वी काही संबंध नव्हता. संगणकाद्वारे शिक्षण देणारी ‘ब्रेनव्हिसा’ ही त्यांची पुण्यातील पहिली कंपनी. ती 2007 मध्ये विकली गेली. महेश्वरी यांच्या घरी कन्यारत्न आले, तेव्हा परदेशात सहज मिळणाऱ्या बालोपयोगी वस्तू आपल्याकडे मिळत नाहीत, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातून 2010 मध्ये ‘ब्रेनबीज सोल्यूशन्स’ची स्थापना झाली आणि इंटरनेटवरून ‘फर्स्टक्राय’ या नावाने विक्री सुरू झाली. आरंभी माल इतरांचाच होता. चोवीस नगांचा प्रश्न इथे निराळ्या रीतीने सुटला. गावोगावच्या कपाटांत थोडा थोडा माल कोंडून ठेवण्याऐवजी तो मोजक्या गोदामांत ठेवायचा आणि मागणी येईल तिकडे पाठवायचा. एका गावात न खपलेले माप दुसऱ्या गावात कुणाला तरी हवेच असते.

परंतु बाळाच्या अंगाला टोचणारी शिवण संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. कापड बोटांनी चुरगळून पाहिल्यावाचून आपल्याकडील स्त्रियांचे समाधान होत नाही. त्यामुळे पुढच्याच वर्षापासून कंपनीने प्रत्यक्ष दुकानेही उघडण्यास आरंभ केला. त्यांतील पुष्कळशी फ्रॅन्चायझी पद्धतीची होती. म्हणजे जागा आणि भांडवल स्थानिक व्यापाऱ्याचे, पाटीवरील नाव मात्र कंपनीचे.

या सर्वांहून विचार करण्याजोगी युक्ती आहे ती भेटपेटीची. आपल्याकडे अनेक घरांत बाळ जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी खरेदी करीत नाहीत. पहिले झबले घरातल्या जुन्या, मऊ सुती साडीचे असते. साहजिकच जन्मानंतर टोपडी, दुपटी, लंगोट यांची एकदम निकड भासते आणि बाळंतिणीला तर घराबाहेर पडता येत नाही. नेमक्या याच वेळी प्रसूतिगृहात मातेच्या हाती बालोपयोगी वस्तूंची एक पेटी विनामूल्य देण्याची प्रथा कंपनीने पाडली. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्यापूर्वी दुकानच गिऱ्हाइकाच्या उशाशी जाऊन बसले! मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे म्हणतात. इथे गिऱ्हाईकही पाळण्यातच हेरले गेले. यात चातुर्य निःसंशय आहे. मात्र नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रीपुढे व्यापार मांडावा का, याबद्दल मतभेद होऊ शकतात.

दुसऱ्याचा माल विकून हाती फारसे उरत नाही, हे इथे कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून ‘बेबीहग’ ही स्वतःची मुद्रा पुढे आली. कपड्यांपासून बाबागाडीपर्यंत अनेक वस्तू त्या नावाने विकल्या जाऊ लागल्या. 2016 मध्ये तर महिंद्र उद्योगसमूहाचा याच क्षेत्रातील ‘बेबीओये’ हा दुकानांचा व्यवसाय फर्स्टक्रायने आपल्याकडे घेतला. एवढ्या मोठ्या घराण्यानेही ज्यात स्वतः दुकाने चालविणे सोडले, तो व्यापार किती बिकट असेल! 2024 पर्यंत कंपनीची दुकाने हजारावर आणि शहरे पाचशेवर गेली होती.

आता वहीची दुसरी बाजू. 2022-23 या वर्षी कंपनीचे उत्पन्न सुमारे 5,632 कोटी रुपये होते आणि तोटा 486 कोटी. पुढील वर्षी उत्पन्न 6,481 कोटींच्या घरात गेले आणि तोटा 321 कोटींवर आला. म्हणजे शंभर रुपयांच्या उत्पन्नामागे साडेआठ रुपयांचा खड्डा होता, तो पाच रुपयांवर आला. इथल्या कोणत्याही पेढीने सलग दोन दिवाळ्या असा हिशोब दाखविला असता, तर पुरवठादारांनी उधारी बंद केली असती. कंपनीमागे जपानच्या सॉफ्टबँकेसारखे गुंतवणूकदार उभे होते, म्हणून ती वाढत राहिली. दिवंगत रतन टाटा यांनीही 2016 मध्ये तीत लहानशी रक्कम गुंतविली होती. ऑगस्ट 2024 मध्ये 465 रुपये दराने समभाग जनतेला विकले गेले. राष्ट्रीय शेअर बाजारात पहिल्याच दिवशी ते 651 रुपयांना उघडले, आणि 2025 मध्ये मूळ दराच्याही खाली घसरले. त्या भांडवलातून आणखी दुकाने आणि गोदामे उभारण्याचा मनोदय कंपनीने जाहीर केला होता. अशी पाटी उद्या तालुक्याच्या बाजारपेठेत लागली, तर शेजारच्या दुकानाचे काय, हा प्रश्न इथल्या अनेकांच्या चुलीशी निगडित आहे.

सोसण्याच्या शर्यतीत स्थानिक दुकानदाराचा निभाव लागणार नाही. तोटा सोसायला त्याच्यामागे कुणी नाही. तथापि भेटपेटी पोहोचण्याआधी जन्माची वार्ता त्याला कळलेली असते. बारशाचे आमंत्रण घरचे माणूस आणून देते. माप चुकले तर पावतीवाचून बदलून देणारा तोच. उणीव आहे ती निराळीच. चोवीस नगांपैकी कोणत्या मापाचे आणि कोणत्या रंगाचे किती उरले, हे बहुतेक दुकानांत केवळ मालकाच्या स्मरणात असते. कंपनीकडे ते संगणकात नोंदलेले असते. ती नोंद ठेवण्यास आता शेकडो कोटी लागत नाहीत. गल्ल्याशेजारी बसलेल्या नातवाच्या हातातील फोनवरही ती ठेवता येते.