ओमती नाला असंच लिहा



तुम्ही मला निसर्गाच्या नोंदींवर बोलायला बोलावलंत. मी पक्षीतज्ज्ञ नाही. जबलपूरच्या ओमतीत वाढलो, घरातला पहिला पदवीधर. आजोबा गोंदियाकडून छोट्या लाइनच्या गाडीने इथे आले आणि गन कॅरेज फॅक्टरीत लागले. आमच्या वस्तीमागून ओमती नाला वाहतो. शहराचं सांडपाणी त्यात येतं, वास येतो, पावसात पाणी घरात शिरतं. त्याच नाल्यावर मी शेकाट्या, वंचक, खंड्या, टिटवी आणि चतुर बघायला शिकलो.

कॉलेजात असताना मी आयनॅचरलिस्टवर फोटो टाकायला लागलो. २००८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ही वेबसाइट सुरू झाली. फोटो टाकला की दोन गोष्टी नोंदल्या जातात. एक, अक्षांश-रेखांश, म्हणजे नकाशावरची पिन. दुसरी, जागेचं नाव. नाव बहुतेक वेळा नकाशाच आपोआप भरतो, पण ते आपल्याला बदलता येतं.

माझ्या ३१२ निरीक्षणांवर ‘ओमती नाला’ असं नाव होतं. एकदा निसर्गप्रेमींच्या एका गटात मी ती दाखवली. कुणीतरी हसून म्हणालं, “नाल्यावर कोण पक्षी बघायला जातं?” पुढचा प्रश्न होता, “तुम्ही राहता कुठे?” हा प्रश्न कशासाठी विचारतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. आडनावावरून कळलं नाही, तर पत्त्यावरून काढतात.

त्या रात्री मी सगळी निरीक्षणं एकदम निवडली आणि जागेच्या नावाच्या चौकटीत ‘सिव्हिल लाइन्स, जबलपूर’ लिहून सेव्ह केलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. दहा मिनिटांत माझी वस्ती बदलली.

काही महिन्यांनी एका अनोळखी विद्यार्थिनीचा निरोप आला. ती शहरातल्या पाणथळ जागांवर काम करत होती. तिनं विचारलं, “तुमची पिन नाल्यावर आहे आणि नाव सिव्हिल लाइन्सचं. खरं काय मानू?” मला उत्तर देता येईना. नाव बदललं तरी पिन जागची हलली नव्हती. मी खोटं बोललो होतो, आकडे बोलले नव्हते.

यात फक्त माझ्या लाजेचा प्रश्न नव्हता. या वेबसाइटवर प्रत्येक निरीक्षणाखाली ‘स्थान अचूक आहे का’ असा प्रश्न असतो. बघणाऱ्यांनी ‘नाही’ असं मत दिलं, तर ते निरीक्षण ‘रिसर्च ग्रेड’मधून बाहेर पडू शकतं. रिसर्च ग्रेडची, योग्य परवान्याची निरीक्षणं पुढे जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जातात आणि तिथून संशोधक ती उचलतात. म्हणजे माझ्या लाजेपायी ओमती नाल्यावरचा शेकाट्या कागदावरून नाहीसा होऊ शकला असता. उद्या कुणी म्हणालं, “या नाल्यात काही जिवंत नाही, झाकून टाका,” तर पुरावा कुठून आणणार? ज्या जागेची नोंद नाही, तिच्या बाजूने कोण बोलणार?

मी सगळी नावं परत ‘ओमती नाला’ केली.

मग नावं कधी बदलूच नयेत का? बदलावीत. माझं आजोळ भंडारा जिल्ह्यात. तिथे काढलेल्या १९ फोटोंवर नकाशानं वस्तीचं जातीवाचक नाव आपोआप भरलं होतं. लोक मात्र त्या वस्तीला कधीपासून भीमनगर म्हणतात. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातीवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. नकाशापर्यंत तो पोचला नव्हता. मी मामांना आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं आणि १९ ठिकाणी भीमनगर लिहिलं.

कळ तीच, चौकट तीच. पण पहिल्या वेळी मी दुसऱ्याच्या नजरेला घाबरून माझं नाव पुसलं. दुसऱ्या वेळी दुसऱ्यानं लादलेलं नाव पुसून लोकांनी स्वतः ठेवलेलं नाव लिहिलं. एक लपणं आहे, दुसरं नामांतर. नामांतर काय असतं ते मराठवाड्यानं दाखवलं आहे. १९७८ साली विधिमंडळात ठराव झाला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या वर्षांत लोकांनी घरं गमावली, जीव गमावले. नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

विज्ञानालाही हे उमगतं आहे. २०२४ च्या जुलैमध्ये माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत दोनशेहून जास्त वनस्पती, शेवाळं आणि बुरशींच्या शास्त्रीय नावांतला ‘काफ्रा’ हा शब्द बदलून ‘आफ्रा’ करायचं ठरलं. आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना दिल्या जाणाऱ्या शिवीतून तो शब्द आला होता. एक अक्षर गेलं, झाडं तीच राहिली.

आता कामाच्या तीन गोष्टी. एकदम नावं बदलताना फक्त नावाच्या चौकटीला हात लावा. सगळ्यांना मिळून एकच पिन दिलीत, तर सगळे पक्षी एकाच बिंदूवर येऊन बसतील. दुसरं, जुनं नाव शोधायला लागणार असेल तर ते टिपणीत लिहून ठेवा. तिसरं, घराचा नेमका पत्ता जगाला दाखवायचा नसेल, विशेषतः मुलींना, तर स्थान अस्पष्ट ठेवायची सोय आहे, ती जरूर वापरा. सुरक्षेसाठी झाकणं वेगळं आणि लाजेनं झाकणं वेगळं. कळ दाबण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, मी यातलं कोणतं करतो आहे?

तुमच्या वस्तीमागे नाला असेल, उकिरडा असेल, पडीक जागा असेल. तिथेही काहीतरी उडतं, सरपटतं, उगवतं. फोटो काढा आणि जागेचं नाव तुम्ही घरी म्हणता तेच लिहा.

जय भीम.