युवा धोरणाची मोजदाद आवणीत व्हावी



राष्ट्रीय युवा धोरणे १९८८, २००३ आणि २०१४ साली आली. त्यांचा इतिहास या सभागृहाला ठाऊक आहे, तो उगाळत नाही. एवढेच सांगतो, की २००३ साली युवा म्हणजे १३ ते ३५ आणि २०१४ साली १५ ते २९. मागच्या रांगेत तिशी ओलांडलेले बरेच दिसतात. तुम्ही एका रात्रीत यादीबाहेर गेलात! (हशा) पण वयच बदलले, तर आधीच्या आकड्यांशी नंतरचे ताडायचे कसे?

केंद्र सरकार दर युवामागे वर्षाला सुमारे २,७१० रुपये खर्चत होते, असे २०१४चे धोरण सांगते. त्यात अन्नधान्याचे अनुदानही धरले आहे. पैसा गेला हे समजले. पोराच्या हाताला काम लागले का, हे पाहायला २०१७पासूनचे श्रमबल सर्वेक्षण आहे. जानेवारी २०२५पासून त्याची नमुनानिवड जिल्हावार होते, हे फार चांगले झाले. माझे भांडण आहे ते मोजणीच्या वेळेशी.

तलासरी तालुक्यात उधव्याकडच्या एका पाड्यावर मी एका आईपाशी बसलो होतो. मुलगा बारावी झालेला. "कुठं असतो?" "बोटीवर." बोट कुणाची, बंदर कोणते, तिला माहीत नव्हते. गुजरातकडे, एवढेच. उचल किती घेतली ते मात्र पैशापैशाने पाठ होते. थोरला दिवाळीनंतर बायकोसकट वीटभट्टीवर गेलेला. घरात म्हातारी आणि दोन नातवंडे. आता सर्वेक्षणाचे कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी, एका चुलीवर जेवणारी माणसे. खलाशी जेवतो बोटीवर. मग त्या घरात युवा किती लिहायचे? मी त्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिलो. ज्यांच्यासाठी धोरण, तेच घरात नाहीत, आणि त्यांची खबर सांगायला म्हातारी!



ही मोजणी ग्रामसभेत करावी म्हटले, तर तिच्या ठरलेल्या तारखा पाहा. २६ जानेवारीला माणसे भट्टीवर. १ मेला पोरे समुद्रात. १५ ऑगस्टला बोटी निघू लागलेल्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, भट्ट्या पावसाने थांबतात, भाताची आवणी असते. तेव्हाच डहाणू-तलासरीचा तरुण घरी सापडतो. तेव्हा मोजा! पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रात पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा करून घेता येते. ती जुलैत बसवा.

कुणीतरी विचारले, अडाणी सभेला मूल्यमापन जमेल का? 'अडाणी' या शब्दाचा मला राग येतो. १९४५ साली तलासरीतल्या झरी गावच्या परिषदेत वेठबिगार बंद करायचे वारली आदिवासींनी ठरवले, ते कुणाच्या अहवालावरून? आणि २००५च्या रोजगार हमी कायद्याने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडेच दिले होते. रस्त्याचा हिशेब सभा तपासते, तर पोरांचा का नाही?

सभेने करायची युवांची यादी एका कागदात मावेल. शिक्षण किती, कोणते प्रशिक्षण मिळाले, त्या प्रशिक्षणाचे काम मिळाले का, आता कुठे जातो, कोण नेतो, उचल किती. सांगणारा तो तरुण स्वतः हवा. आणि तालुक्याला पाठवण्याआधी ती सभेत मोठ्याने वाचायची, म्हणजे चुकले तिथे त्यालाच उठून सांगता येईल.