पंच म्हणून सही करताना

निमगाव सावा परिसरात बिबट्यानं शेळी मारली, की वनखात्याच्या पंचनाम्यावर सही करायला शेजारी पुढे येतो. पण चोरीच्या पंचनाम्यासाठी पोलिसांनी हाक मारली, की माणसं पांगतात. ज्यूरीची पद्धत 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत उरली नाही. न्यायदानाला सामान्य माणसाचा हात लागतो तो आता मुख्यतः पंच आणि साक्षीदार म्हणून.

टाळण्याची कारणं खोटी नाहीत. गावात वैर नको. कांदाकाढणी सोडून कोर्टाच्या तारखांना कोण जाणार? आणि काही वर्षांनी उलटतपासणीत आठवायचं काय, ही धास्ती सर्वांत मोठी. मला ती रास्त वाटते.

पण झडतीच्या पंचाला न्यायालयानं खास समन्स काढल्याशिवाय साक्षीला जावं लागत नाही. 1 जुलै 2024पासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक आहे. सगळा भार तुमच्या आठवणीवर नाही. लेखी आदेशानं बोलावल्यावर योग्य कारणाशिवाय नकार देणं मात्र गुन्हा ठरतो.

कोऱ्या कागदावर सही करू नका. पंचनामा वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. साक्षीला गेलात तर न्यायालय वाजवी खर्च मंजूर करू शकतं, तो मागा. पोलिसांनीही पंचाला ताटकळत ठेवू नये, आणि तारीख पुढे गेली तर आदल्या दिवशीच फोन करावा.