तरुण पुरुषांचा एक अबोल रोग
(महोत्सवानिमित्त दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं रोगाचें नांव काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या रोगाविषयीं मी बोलणार आहें, त्याचा उच्चार आपण घरांतही करीत नाहीं. म्हणून जेथें सारीं कुटुंबें एकत्र जमलीं आहेत, तेथेंच त्याच्याविषयीं उघड बोलावें असें मला वाटतें. हा रोग म्हणजे पुरुषांच्या प्रॉस्टेट ग्रंथीचा कर्करोग.

ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खालीं, मूत्रमार्गाभोंवतीं असते. तिचा कर्करोग म्हातारपणाचा रोग समजला जातो, आणि तें बव्हंशीं खरेंही आहे. परंतु तरुणपणीं तो होतच नाहीं, असें मात्र नाहीं. वृद्धांस लघवी अडण्याचा जो त्रास होतो, तो पुष्कळ वेळां ग्रंथीच्या साध्या वाढीचा असतो. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरील भागांत, मूत्रमार्गापासून दूर उत्पन्न होतो. त्यामुळें आरंभीं दुखणें नसतें, अडथळाही नसतो. मग चाळिशींतला धडधाकट पुरुष आपणांस कांहीं झालें आहे असें कशावरून मानील?

स्कॉटलंडचे सुप्रसिद्ध सायकलपटु सर क्रिस हॉय यांचें उदाहरण घ्या. १९७६ सालीं एडिंबरो शहरीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं २००४, २००८ व २०१२ च्या ऑलिंपिक सामन्यांत मिळून सहा सुवर्णपदकें जिंकलीं. २०२३ सालीं, वय सत्तेचाळीस असतां, त्यांचा खांदा दुखूं लागला. व्यायामानें स्नायु दुखावला असेल, अशी प्रथम समजूत झाली. तपासणींत गांठ आढळली. पुढें कळलें कीं मूळ रोग प्रॉस्टेटमध्यें असून तो हाडांत पसरला आहे. तो आतां समूळ बरा होणारा नाहीं, हें त्यांनीं ऑक्टोबर २०२४ मध्यें जगास सांगितलें. त्यांच्या घरीं दोन लहान मुलें आहेत.

या हकीकतींतील एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्यांच्या आजोबांस व वडिलांस हाच रोग झाला होता. ब्रिटनमध्यें पन्नाशी गांठलेल्या पुरुषानें मागितल्यास रक्ततपासणी होते. हॉय यांची पन्नाशी तीन वर्षें दूर होती. म्हणूनच ज्यांच्या घराण्यांत हा रोग आहे, त्यांनीं पंचेचाळिशींतच डॉक्टरांस विचारावें, असें ते सर्वांस विनवीत आहेत.

बाप किंवा भाऊ या रोगानें आजारी पडला असेल, तर त्या पुरुषाचा धोका सुमारें दुप्पट होतो. इतकेंच नव्हे, तर मातृकुळही पाहावें लागतें. आई, मावशी किंवा आजी यांस स्तनाचा अथवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर बी. आर. सी. ए. २ नांवाच्या जनुकांतील दोष मुलांत उतरलेला असूं शकतो; आणि अशा पुरुषांत प्रॉस्टेटचा रोग लवकर व जोरानें येण्याचा संभव अधिक. बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत आपल्या आजोबांचें नांव सांपडेल. त्यांस कोणतें दुखणें होतें, हें मात्र घरच्या वडीलधाऱ्या माणसांनाच विचारावें लागेल.

तपासणी साधी आहे. पी. एस. ए. नामक द्रव्याचें रक्तांतील प्रमाण मोजतात. तें वाढलें म्हणजे कर्करोगच, असें नव्हे. ग्रंथीचा दाह किंवा साधी वाढ यांनींही तें वाढतें. निश्चिती ग्रंथीचा सूक्ष्म तुकडा तपासूनच होते. सांपडलेला प्रत्येक रोग कापून काढावा लागतो, असेंही नाहीं. मंद रोगावर नुसती काळजीपूर्वक देखरेख पुरते. म्हणून तपासणी करावी कीं नाहीं, हें डॉक्टरांशीं विचारविनिमय करून ठरवावें. भीतीनें ठरवूं नये.

रोग ग्रंथीच्या आंत आहे तोंवर शस्त्रक्रियेनें किंवा किरणोपचारानें तो समूळ बरा होऊं शकतो. पसरलेल्या रोगासही उपाय आहे. पुरुषी संप्रेरक कमी केल्यास हा कर्करोग मागें हटतो, हें शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालीं दाखविलें व त्यासाठीं त्यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच १९४१ सालीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तें आजही गोरगरिबांचा आधार आहे.

तरुण रोग्याचें दुःख वृद्धाहून निराळें असतें. संसार नुकता मांडलेला, मुलें शाळेंत, नोकरी करणें प्राप्त. शिवाय उपचारानें संततीची आशा, दांपत्यजीवन किंवा लघवीवरील ताबा यांस बाध येऊं शकतो, हें त्यास कोणाजवळ बोलवत नाहीं. बंधूंनो, हे प्रश्न लाजिरवाणे नाहींत. ते उपचारापूर्वींच, पत्नीस जवळ बसवून, डॉक्टरांपुढें मांडावे. शेजारी-आप्तांनीं त्याची कींव करण्याऐवजीं त्याच्या मुलांस शाळेंत पोंचवावें, त्यास रुग्णालयांत सोबत करावी.

वडीलधाऱ्यांस माझी एकच विनंति आहे. आपल्या दुखण्याचें नांव मुलांपासून लपवूं नका. शेतवाडी व घर जसें त्यांच्या स्वाधीन करतां, तशी ही माहितीही करा. ती वेळेवर हातीं आली, तर तुमच्या मुलाला आपलीं मुलें वाढवावयास अवधि मिळेल.