बटण फिरवा, कान द्या

१९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला. पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाईंनीही त्यावर संगीत रचलं.

या वाद्यात ना तार, ना भाता. ऑसिलेटर नावाचा भाग विजेची कंपनं करतो, तीच स्पीकरमधून ऐकू येतात. एक बटण त्यांचा वेग ठरवतं. सेकंदाला २२० ची ४४० झाली, की तोच सूर वरच्या सप्तकात. दुसरं बटण लाटेचा आकार बदलतं. गोलसर लाट बासरीसारखी मऊ, करवतीच्या दात्यांसारखी धारदार. दोन ऑसिलेटर ४४० आणि ४४२ वर ठेवले, तर आवाज सेकंदाला दोनदा हेलकावतो. तंबोऱ्याच्या तारा किंचित चुकल्या की असंच होतं.

तेव्हा यंत्र बघून बिचकू नका. एका वेळी एकच बटण फिरवा. सूर जुळला का, हे शेवटी आपला कानच सांगतो.