दंडातली काडी: विसरायची सोय आणि काढायचा हक्क

आजचा भाग इअरफोन लावून ऐका, घरात स्पीकरवर नको. विषय आहे गर्भनिरोधक इम्प्लांट.

आधी माझंच सांगते. वय अठ्ठावीस, लग्न झालेलं नाही, जोडीदार आहे. गोळीसाठी फोनवर रोज रात्री दहाचा अलार्म असायचा. मागच्या वर्षी रिलीजच्या आठवड्यात दोन रात्री तो अलार्म बंद केला आणि गोळी राहिली. पाळी लांबली. पुढचे नऊ दिवस कसे काढले ते मलाच माहीत. टेस्ट निगेटिव्ह आली. म्हटलं, आता दुसरा काही उपाय आहे का विचारू. डॉक्टरांकडे गेले, तर पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" लग्न नाही म्हटल्यावर, "मग आत्ता कशाला हवंय?" फी भरली आणि बाहेर आले.

दिवाळीत माझी मावसबहीण मँचेस्टरहून आली होती. तिला हे सांगितलं, तर तिनं माझा हात धरून स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूवर ठेवला. कातडीखाली काडेपेटीतल्या काडीसारखं काहीतरी लागलं. तिकडे हे सरकारी आरोग्यसेवेत मोफत मिळतं आणि लग्नाचं कुणी विचारत नाही.

ही काडी साधारण 4 सेंटिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड असते. जागा बधिर करून काही मिनिटांत बसवतात. तिच्यातून एटोनोजेस्ट्रेल नावाचं हार्मोन थोडं थोडं सुटत राहतं. त्यामुळे बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होतो. ती निदान 3 वर्षं चालते.

आता आकडे बघा. गोळी अगदी वेळच्या वेळी घेतली तर उत्तमच. पण माणसं जशी खरोखर घेतात तशी घेतली, तर वर्षभरात शंभरात साधारण सात जणींना दिवस जातात. इम्प्लांटमध्ये हे प्रमाण हजारात जेमतेम एक. आम्ही कोडवाले म्हणतो, युजर चुकणारच, सिस्टिम तशी बांधा. इथे तेच आहे. लक्षात ठेवायचं कामच उरत नाही.

अमेरिकेत सेंट लुईस शहरात 15 ते 19 वयाच्या 1,404 मुलींना सगळे पर्याय नीट समजावले आणि सगळे मोफत दिले. 72 टक्के मुलींनी इम्प्लांट किंवा कॉपर-टीसारखं गर्भाशयात बसवायचं साधन निवडलं. त्यांच्या गटात वर्षाला हजारी 34 गर्भधारणा झाल्या. देशभरातल्या, शरीरसंबंध आलेल्या त्याच वयाच्या मुलींमध्ये हा आकडा 158 च्या वर होता.

पण थांबा, दुसरी बाजूही ऐका. पाळी बेभरवशाची होते. कुणाला महिनोन्‌महिने येत नाही, कुणाला थोडं थोडं रोज जातं. बऱ्याच जणी याच कारणानं काढून घेतात. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर परिणाम कमी होतो, ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि लैंगिक आजारांपासून हे वाचवत नाही, कंडोम लागतोच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गोळी तुम्ही आज बंद करू शकता, पण ही काडी स्वतः काढता येत नाही. दुसऱ्याच्या हातात सुरी असते. 1991 साली कॅलिफोर्नियात एका न्यायाधीशानं एका बाईला शिक्षेची अट म्हणून सहा काड्यांचा जुना इम्प्लांट बसवायला सांगितला होता. म्हणून बसवण्याआधीच विचारा, "मला नको झालं तर कोण काढेल, कधी, किती पैशांत?" काढल्यावर दिवस राहण्याची क्षमता लवकर परत येते.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात हा इम्प्लांट निवडक जिल्ह्यांत सुरू झालाय. सज्ञान अविवाहित मुलीला गर्भनिरोधक देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. अठराच्या आतल्या मुलींची गोष्ट अवघड आहे. पॉक्सोमुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, त्या भीतीनं मुली दवाखान्यातच जात नाहीत. यावर एक वेगळा भाग करू.

मी? दुसऱ्या डॉक्टर शोधल्या. त्यांनी अर्धा तास बोलून सगळे पर्याय टेबलावर मांडले. मी अजून ठरवलेलं नाही. पण या वेळी मला ठरवू तरी दिलंय.

हा भाग एखाद्या मैत्रिणीला पाठवा. मित्रालाही पाठवा, तो अलार्म एकटीनंच का लावायचा? भेटू पुढच्या भागात.